माणूसघाणा कोणाला म्हणावं, कोणाला नाही

पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा मुलगा. लग्नकार्याला यायचं टाळणारे आजोबा. कोणाचाच फोन न उचलणारी सून. जिन्यात समोर आलं तरी मान खाली घालून निघून जाणारे शेजारी. इंदूरच्या मराठी घरांत या चौघांनाही हल्ली एकच शब्द लावला जातो, तो म्हणजे माणूसघाणा. जरा सौम्य बोलायचं असेल तर एकलकोंडा. चौघांची कारणं मात्र चार असू शकतात आणि मराठीत त्या प्रत्येक कारणाला स्वतःचा शब्द आहे. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात वाढलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची मराठी घरात कानावर पडलेली असते, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे ठसठशीत शब्द टिकले आणि मधले, बारीक छटांचे शब्द गळून गेले.

आधी शब्दाची फोड पाहू. माणूस अधिक घाण. इथली घाण कचऱ्याची नाही, किळसेची आहे. ज्याला माणसं नकोशी वाटतात, त्यांचा तिटकारा येतो, तो माणूसघाणा. घाण त्याच्या अंगाला नसते, त्याच्या नाकाला येत असते. हिंदीतून मराठीकडे आलेली मुलं याचा अर्थ सर्रास 'घाणेरडा माणूस' असा लावतात, तो साफ चुकीचा. तेलाच्या घाण्याशीही याचा काही संबंध नाही. लाकडी घाण्याच्या तेलाच्या पाट्या आता जागोजागी दिसतात, दिवाळीत 'चकल्यांचे दोन घाणे झाले' असंही म्हणतात. तो घाणा वेगळा.

हा शब्द विशेषण म्हणून लिंगाप्रमाणे बदलतो: माणूसघाणा काका, माणूसघाणी काकू, माणूसघाणं पोर. विभक्ती लागली की तिन्ही लिंगांत एकच रूप होतं, माणूसघाण्या. 'माणूसघाण्या काकूला कोण सांगणार' हे बरोबर, 'माणूसघाणी काकूला' हे हिंदीच्या सवयीतून आलेलं. गुणाचं नाव माणूसघाणेपणा. लिहिताना 'णू' दीर्घ. माणुसकीत तो ऱ्हस्व होतो म्हणून इथेही ऱ्हस्व लिहिण्याचा मोह होतो, पण माणुसकी प्रत्यय लागून झालेला शब्द आहे आणि माणूसघाणा जोडशब्द. जोडशब्दात पहिला शब्द सहसा आहे तसाच राहतो.

वापरातली खरी चूक वेगळीच आहे. माणूसघाणा हा स्वभाव सांगणारा शब्द आहे, त्या दिवसाची मनःस्थिती सांगणारा नाही. 'आज मी माणूसघाणा झालोय' असं कोणी गमतीनेच म्हणेल. एका दिवसापुरतं सांगायचं असेल तर 'आज कोणी नको वाटतंय' पुरेसं आहे. महिनाभर घरात पाहुण्यांचा राबता असेल तर 'माणसांचा उबग आला', 'वीट आला'. तसंच हा शब्द दुसऱ्याने चिकटवायचा आहे. माणूस स्वतःबद्दल तो वापरतो तेव्हा टीका आधीच अंगावर घेऊन पुढचे प्रश्न थांबवत असतो: 'मी आहे बुवा माणूसघाणा, मला नका बोलावू.' आणि तो एकट्यादुकट्यालाच लागतो असंही नाही. 'ते घरच माणूसघाणं' म्हटलं की त्या घरात चहा विचारत नाहीत एवढं ऐकणाऱ्याला कळतं.

मग एकलकोंडा कोण? याला माणसांची किळस नसते, एकटं राहण्याची सवय असते. कोंडणे, कोंडून घेणे हे क्रियापद डोळ्यांसमोर ठेवलं की अर्थ लक्षात राहतो (शब्द त्यावरूनच आला असा दावा इथे नाही). एकलकोंड्या मुलाला तुम्ही जाऊन भेटलात तर तो नीट बोलेल, आपलं टपाल-तिकिटांचं पुस्तकही दाखवेल, पण आपणहून उठून तुमच्याकडे येणार नाही. माणूसघाण्याकडे गेलात तर तुमचं जाणंच त्याला खुपतं. फरक एवढाच, पण मोठा आहे. घरकोंबडा त्याहून हलका. घराबाहेर पडायला नको एवढंच त्याचं म्हणणं. घरी दहा जण आले तरी तो खूश. सुट्टीच्या सकाळी पोहे खायला छप्पन दुकानला चला म्हटलं तर 'पोहे घरीच करू या, सगळ्यांना बोलवा' म्हणणारा घरकोंबडा असतो. त्याला एकलकोंडा म्हणणं अन्याय आहे.

तुसडा वेगळा. तो माणसांत असतो, पण बोलताना टोचतो. माणसंच हळूहळू त्याला टाळू लागतात आणि मग बाहेरून चित्र असं दिसतं की तोच सगळ्यांना टाळतोय. घुमा बोलत नाही, मनातलं आत धरून ठेवतो. हिंदीतला घुन्ना याच्या जवळचा, पण त्यात डाव धरल्याची छटा जास्त. तो डाव सांगायला मराठीत 'आतल्या गाठीचा' आहे. अबोल शब्दात मात्र दोष नाही. अबोल माणूस मंडळींत बसतो, ऐकतो, हसतो, फक्त बोलत नाही. बुजरा म्हणजे नवख्या माणसाला बिचकणारा. बुजणे हे क्रियापद घोड्याबैलांसाठीही वापरतात, आणि बुजलेलं जनावर सवय झाली की माणसाळतं. ही आशा त्या शब्दातच आहे, म्हणून लहान मुलासाठी बुजरा हाच योग्य शब्द, एकलकोंडा नाही. आणि भिडस्ताचा तर या यादीशी संबंधच नाही, तरी लोक त्याला इथे ओढतात. भिडस्ताला माणसं हवी असतात, फक्त नाही म्हणता येत नाही. बोलावणी झेलून झेलून दमला की एक दिवस तो फोन उचलायचं बंद करतो, आणि मग तोही माणूसघाणा ठरतो!

एकटा, एकाकी आणि एकांत या तिघांत इंदूरमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण हिंदीतला 'अकेला' तिन्ही ठिकाणी चालून जातो. एकटा म्हणजे सोबत कोणी नाही, एवढीच वस्तुस्थिती. 'ती एकटीच राहते' यात सुख-दुःख काहीच सांगितलेलं नाही. एकाकी म्हणजे सोबत हवी आहे आणि नाही. भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो. 'मला एकाकी राहायला आवडतं' हे वाक्य म्हणूनच मराठीत उभं राहत नाही; तिथे 'एकटं' हवं. (एकटा बदलतो, एकटी, एकटं, एकट्याने, एकाकी कधीच बदलत नाही.) एकांत ही मिळवायची, मागायची, शोधायची गोष्ट. एकांत लाभतो, एकाकीपणा वाट्याला येतो. क्रियापदंच काय ते सांगतात.

आपल्या परंपरेने एकांताला फार मान दिला आहे. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना 'विविक्तदेशसेवित्वमरतिर्जनसंसदि' असं म्हटलं आहे, म्हणजे निवांत जागी राहण्याची आवड आणि लोकांच्या घोळक्यात मन न रमणं. ज्ञानेश्वरीत त्यावर ओव्याही आहेत. गंमत अशी की हेच लक्षण साधूत दिसलं की विरक्ती आणि पुतण्यात दिसलं की माणूसघाणेपणा. पण श्लोकातल्या 'अरति'चा अर्थ गोडी नसणं एवढाच आहे. किळस, तुच्छता, राग तिथे नाही. माणूसघाण्यात ते सगळं असतं. ही कसोटी पुतण्यालाही लावून पाहावी.

हिंदीची आणखी एक ठेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे खरोखर गैरसमज होतात. हिंदी वर्तमानपत्रांत 'असामाजिक तत्त्व' म्हणजे गुंड, दंगेखोर. मराठीत त्यांना समाजकंटक किंवा समाजविघातक म्हणतात. आता लोकांत न मिसळणाऱ्या मुलाबद्दल कोणी सहज 'तो असामाजिक आहे' म्हटलं, तर इंदुरात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काठ्या आणि पोलीस उभे राहतात. माणसांत न मिसळणं आणि समाजाला उपद्रव देणं ही दोन टोकं आहेत. मुलाबद्दल बोलताना हा शब्द वापरूच नये. 'फारसा मिसळत नाही' म्हणावं. याच्या उलट हिंदीतल्या 'मिलनसार'ला मराठीत मनमिळाऊ हा चांगला शब्द आहे, तो विसरला जातोय.

अंतर्मुखचंही असंच. कार्ल युंगने १९२१ मध्ये माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभावप्रकार मांडले, तेव्हापासून मानसशास्त्रात तो अर्थ रुळला. ज्याचं मन बाहेरच्या घडामोडींपेक्षा आतल्या विचारांकडे वळतं आणि जो एकटा बसून ताजातवाना होतो, तो अंतर्मुख. हा आजार नाही, दोषही नाही, आणि असा माणूस चार जिवलगांत मनसोक्त गप्पा मारतो. पण मराठीत या शब्दाचा जुना अर्थही जिवंत आहे: 'व्याख्यान ऐकून श्रोते अंतर्मुख झाले' म्हणजे स्वतःकडे वळून विचार करू लागले. श्रोते लाजाळू झाले असा त्याचा अर्थ लावू नये.

इतके शब्द हाताशी असताना नेमका कोणता निवडायचा? तीन प्रश्नांनी बहुतेक काम होतं. हा माणूस सगळ्यांनाच टाळतो की ठराविक माणसांना? पहिल्यापासून असा आहे की अलीकडे झाला? टाळून निवांत आहे की टाळून हळहळतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'ठराविक माणसांना' असं आलं तर वरचा एकही शब्द लागत नाही. तिथे वेगळेच वाक्प्रचार आहेत. भांडण होऊन बोलणं बंद असेल तर अबोला. उसने पैसे द्यायचे असतील तर तोंड चुकवणं. कोणाबद्दल धास्ती किंवा तिटकारा असेल तर 'तो त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही'. नात्यात राहून अंतर ठेवायचं असेल तर फटकून वागणं. शिवाय कधी कधी टाळणारा तो नसतोच, लोक असतात. त्याला वाळीत टाकलेलं असतं. अशा माणसाला एकलकोंडा म्हणणं म्हणजे त्याच्यावर झालेल्या गोष्टीचा दोष त्याच्याच माथी मारणं. जातपंचायतीने वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. कमाल शिक्षा तीन वर्षं कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. तो महाराष्ट्रापुरता आहे, मध्य प्रदेशात चालत नाही, हे इंदूरकरांनी ध्यानात ठेवावं.

गर्दी टाळणंही माणसं टाळण्यापासून वेगळं मोजावं. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर न जाणारा किंवा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत पाय न ठेवणारा माणूसघाणा नसतो. त्याला धक्काबुक्की नको असते, एवढंच.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कोणी विचारत नाही. स्वभाव साठाव्या वर्षी एकाएकी बदलत नाही. आयुष्यभर मैफली गाजवलेले आजोबा दोन वर्षांत 'एकलकोंडे' झाले असतील तर शब्द बाजूला ठेवून आधी त्यांचे कान तपासा. वयाने येणारं ऐकू न येणं हळूहळू वाढतं आणि सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीतली. आवाज ऐकू येतो, पण शब्द उलगडत नाही. म्हणून आजोबा म्हणतात, 'ऐकू येतं रे, तुम्ही स्पष्ट बोलत नाही.' त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने खरंच असतं. समोरासमोर एकट्याशी बोलताना त्यांचं भागतं, पण मंगल कार्यालयात चार जण एकदम बोलू लागले, मागे सनई किंवा डीजे असला की काहीच कळत नाही. मग ते अंदाजाने माना डोलावतात, एक-दोनदा भलतंच उत्तर जातं, लोक हसतात आणि पुढच्या लग्नाला त्यांचे गुडघे दुखू लागतात.

यात करायचं काय ते सरळ आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आधी मळ आहे का पाहून घ्यायचं. मळाने बंद झालेला कान साफ केला की मोकळा होतो. नंतर दोन्ही कानांची श्रवणचाचणी. यंत्र लागलं तर ते पहिल्या दिवशी बरं वाटत नाही, भांड्यांचा आणि पंख्याचा आवाज अंगावर येतो. सवय व्हायला काही आठवडे जातात. बरीच यंत्रं याच काळात कपाटात जातात. सुरुवातीला रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावायचं आणि हळूहळू वेळ वाढवायचा. घरच्यांनी ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, पण व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, तोंडावर उजेड येईल असं, थोडं सावकाश बोलावं. समारंभात त्यांना भिंतीकडे पाठ करून, ध्वनिक्षेपकापासून दूर बसवावं.

म्हातारपणी लोकांत जाणं टाळण्याचं आणखी एक कारण असतं, ते संकोचाने कोणी बोलत नाही. लघवी वारंवार होणं, थांबवता न येणं. कार्यालयात स्वच्छतागृह कुठे आहे, पायऱ्या किती, हे आधी विचारून सांगितलं तर 'माणूसघाणी' आजी निमूटपणे साडी नेसून तयार होते.

तरुण माणसात अलीकडचा बदल असेल तर उदासीनतेचा आजार (डिप्रेशन) मनात आणावा. माणसं नकोशी होणं, आधी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणं, झोप आणि भूक बिघडणं हे सलग दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. ताजं दुःख, नोकरी जाणं, पुनःपुन्हा 'लग्नाचं काय' हा प्रश्न ही कारणंही असतात आणि ती विचारल्याशिवाय कळत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हळहळतो' असं आलं, म्हणजे जायची इच्छा आहे पण जाता येत नाही, तर मामला भीतीचा आहे. लोक आपल्याकडे पाहतील, आपलं काही चुकेल, आवाज कापेल, हसं होईल. ही भीती सहा महिने किंवा अधिक टिकली आणि शिक्षण-नोकरीत अडथळा करू लागली तर तिला सामाजिक भयगंड म्हणतात. बहुधा ती किशोरवयात सुरू होते. अशा मुलाला माणसं हवी असतात, म्हणून माणूसघाणा हा त्याच्यासाठी अगदी उलटा शब्द आहे.

उपचारात भीतीची चढण लहान पायऱ्यांत तोडतात. घरीही त्याच तत्त्वाने वागता येतं. टाळल्या जाणाऱ्या प्रसंगांची यादी मुलानेच करायची आणि प्रत्येकाला ० ते १०० पर्यंत भीतीचे गुण द्यायचे. सुरुवात ३०-४० गुणांच्या प्रसंगापासून. समजा, पाहुण्यांना नमस्कार करून दोन मिनिटं थांबणं. ते जमलं की पोह्यांच्या बशा नेऊन देणं, मग एका प्रश्नाचं उत्तर देणं, मग दहा मिनिटं बसणं. प्रत्येक पायरी पुन्हा पुन्हा करायची, भीती निम्म्यावर येईपर्यंत. भीती शिगेला असताना पळ काढला तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी ती आणखी वाढते. मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसणं हाही पळच आहे. घरचे यात जी चूक हमखास करतात ती म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर 'ते अथर्वशीर्ष म्हणून दाखव बघू'. हा ९० गुणांचा प्रसंग झाला. दुसरी चूक, मूल ऐकत असताना 'हा आमचा जरा माणूसघाणाच आहे' अशी ओळख करून देणं. घरच्या प्रयत्नांनी भागलं नाही तर इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा फोन देशभर चोवीस तास मोफत चालतो.

राहिला लिखाणातला वापर. लग्नाच्या माहितीपत्रात मुलाचा स्वभाव 'अंतर्मुखी' लिहितात, तो हिंदीतून आलेला; मराठी रूप अंतर्मुख. पण तिथे तोही नको, कारण वाचणाऱ्या मामा-मावशी तो घुमा असाच वाचतात. 'शांत, मोजक्या माणसांत रमणारा' असं लिहिलं की चित्र स्पष्ट होतं आणि खोटंही बोलावं लागत नाही. एकांतप्रिय लिहू नये, स्थळ संन्यास घेतंय की काय अशी शंका येते. आणि 'बुजऱ्या', 'लाजऱ्या' ही रूपं फोनवर टाइप करताना हिंदी कळफलक चालू असेल तर 'बुजर्या' होतं, र चा रफार य वर चढतो. मराठी कळफलक घेतला की त्यात नुक्त्याचा ऱ असतो. तो, मग हलन्त, मग य आणि शेवटी काना.